यादीचे वजन: नगर जिल्ह्याच्या जमीन-दप्तराची चार शतके

महाराष्ट्रात आज सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. २०२२ पासून त्यांवर प्रत्येक भूखंडाचा ११ अंकी क्रमांक छापायला सुरुवात झाली. हे सगळे क्रमांक संगणकाच्या स्मृतीत एका यादीत ठेवायचे म्हटले, तर जागा किती लागेल? ११ अंकी संख्या ४ बाइटांत मावत नाही, कारण ४ बाइटांची मर्यादा ४२९ कोटींच्या आसपास संपते. ८ बाइट मात्र पुरेसे होतात. म्हणजे आकडे एकाला एक लावून ठेवले तर २० कोटी बाइट. हीच यादी पायथन या भाषेच्या साध्या 'लिस्ट'मध्ये ठेवली, तर हिशेब बदलतो. तिथे यादीत आकडा नसतो, आकडा कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो, आणि हा पत्ताच ८ बाइटांचा. पत्त्यावर बसलेला आकडा स्वतःसोबत आपला प्रकार, आपली लांबी आणि आपल्याला कितीजण वापरत आहेत याची मोजदाद घेऊन बसतो, त्याचे ३२ बाइट. एकूण १०० कोटी बाइट झाले. माहिती तीच, नोंदी तेवढ्याच, भार पाचपट. यादीचे वजन तिच्या लांबीवर थोडेच अवलंबून असते. प्रत्येक नोंदीने सोबत काय वाहायचे, काय दुसरीकडे एकदाच ठेवून इथे नुसती खूण करायची, आणि काय मुळीच नोंदवायचे नाही, या तीन निर्णयांवर ते ठरते. हे निर्णय संगणकाने आणलेले नाहीत. आज अहिल्यानगर म्हणवणाऱ्या नगर जिल्ह्याच्या जमिनीवर ते चारशे वर्षे घेतले जात आहेत, आणि प्रत्येक निर्णयाची किंमत कोणी ना कोणी मोजली आहे.

सुरुवात मलिक अंबरपासून करावी लागते. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेला, चांदबिबी मारली गेली, तरी निजामशाही १६३६ पर्यंत तगली, आणि त्यातली पहिली २६ वर्षे प्रामुख्याने या हबशी वजिराच्या बळावर. राजधानी परांडा, जुन्नर, दौलताबाद, खडकी अशी हलत राहिली; १६२४ ची भातवडीची लढाई तर नगर शहरापासून फार लांब नव्हती. अशा राज्याला महसूल हवा होता, पण महसुलाचे अवाढव्य दप्तर सांभाळणे त्याला परवडणारे नव्हते. उत्तरेत तोडरमलच्या नावाने ओळखली जाणारी मोगली पद्धत जरीब लावून जमीन मोजे, कोणत्या बिघ्यात कोणते पीक हे लिही आणि दहा वर्षांच्या सरासरीवरून दर बांधी. मलिक अंबरने मक्तेदारी मोडली, पाटलाला पुन्हा उभे केले, आधी प्रत्यक्ष पिकाचा वाटा घेतला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. परंपरेने सांगितले जाते की हा वाटा पिकाच्या दोन-पंचमांशाचा होता आणि रोख रक्कम उत्पन्नाच्या सुमारे एक-तृतीयांश किमतीची. सगळीकडे काठी लावून मोजणी झाली की नजरपाहणीवर भागवले गेले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की राज्याच्या पातळीवर उरणारी नोंद गावाची होती. गावाचा 'तनखा' हा एक आकडा दरबाराला पुरे. त्या आकड्याच्या आतली वाटणी गावाने करायची. हा तनखा मराठी राज्यानेही आधार म्हणून वापरला, आणि पेशवाईत 'कमाल' आकारणी आली तेव्हाही जुना तनखा तुलनेसाठी कागदावर राहिला. युद्धात सतत हात बदलणाऱ्या मुलखात एक आकडा इतका काळ टिकला, याचे मोठे कारण तो सांभाळायला सोपा होता हेच असावे.

मग आतला तपशील कुठे गेला? तो गावात होता. इंग्रजी अंमल आल्यावर कर्नल साइक्ससारख्या अधिकाऱ्यांच्या हाती 'थळझाडा' नावाचे कागद लागले. गावाची जमीन थळांत विभागलेली, आणि प्रत्येक थळ एखाद्या कुळाच्या आडनावाने ओळखले जाणारे. त्यातली विलक्षण गोष्ट अशी की कूळ नामशेष झाले, जमीन दुसऱ्याकडे गेली, तरी थळाचे नाव बदलत नसे. अशा जमिनीला गतकुल म्हणत. कसणारा बदलला की यादी पुन्हा लिहावी लागत नव्हती. थळाचे नाव हा कायमचा पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर सध्या कोण आहे हे वेगळे पाहायचे. राज्याच्या यादीत गाव, गावाच्या यादीत थळ, थळाखाली भाऊबंद, अशी ही उतरंड होती, आणि वरच्या पायरीला खालचे पान तंटा उठला तरच उघडावे लागे. मोठ्या याद्यांसाठी आज अशीच रचना करतात: वरच्या थरात फक्त खुणा आणि तपशील लागेल तेव्हा खालून आणायचा. या व्यवस्थेतला दोषही उघड आहे. गावात कोणावर किती बोजा पडतो, बलवान मिरासदार आपला भार उपऱ्यावर ढकलतो का, हे दरबाराला दिसत नव्हते. हलक्या यादीने राज्य वाचवले, पण गावातल्या दुबळ्याला तिच्यात जागा नव्हती.

१८१८ नंतर कंपनी सरकारला हे आंधळेपण नको होते. त्यामागे प्रत्येक रयतेशी थेट व्यवहार करण्याचे तत्त्व होते, आणि शेताच्या निव्वळ उत्पन्नावर सरकारचा हक्क आहे हा त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राचा सिद्धांतही होता. पुणे आणि लगतच्या नगर भागात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२० च्या दशकात पाहणी केली आणि १८३० मध्ये नवी आकारणी लागू झाली. प्रिंगलची कल्पना मोहक होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत ढोबळ पीक किती येते ते काढायचे, त्यातून बैल, बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे. यासाठी शेतामागे जी माहिती लागत होती ती प्रचंड होती, आणि ती गोळा करणारे होते कमी पगाराचे, देखरेख नसलेले कारकून. मोजणीत चुका निघाल्या, प्रतवारीत लाच चालली, पिकाचे आणि खर्चाचे आकडे कल्पनेने भरले गेले. त्याच सुमारास धान्याचे भाव कोसळले. थकबाकी वाढली, सूट द्यावी लागली, जमिनी पडीक पडल्या, माणसे शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. काही वर्षांतच ती पद्धत सोडून द्यावी लागली.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. प्रिंगल फसला तो भाव पडल्यामुळे आणि दर जबर असल्यामुळे. त्याची यादी जड होती याचा त्याच्याशी संबंध काय? भाव पडले हे खरेच, आणि ५५ टक्के हा दरही जबरच. पण भाव पुढेही खालीवर होत राहिले आणि नंतरची पद्धत ते धक्के सोसू शकली. प्रिंगलच्या नोंदीत अंतिम आकडा हा पीक, खर्च आणि भाव या साऱ्यांतून गाळून काढलेला होता. भाव बदलला की प्रत्येक प्रतीचा हिशेब मुळापासून पुन्हा मांडायचा, आणि मूळ माहितीच खोटी असेल तर मांडून उपयोग नाही. चूक कोणत्या पायरीवर झाली हे शोधायलाही वाट नव्हती, कारण शेतात उभे राहून निव्वळ उत्पन्न तपासता येत नाही. प्रत्येक नोंदीवर इतके ओझे चढवले की ती ना दुरुस्त करता येईल ना पडताळता, आणि मग भाव पडल्याचा धक्का तिला झेपला नाही.

१८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नवी सुरुवात केली. नगरच्या तालुक्यांत ही पद्धत १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १८५० च्या सुरुवातीला पोचली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्यावर डेव्हिडसन या तिसऱ्या अधिकाऱ्याचीही सही आहे. या लोकांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेत हा एकक धरला, त्याला सर्व्हे नंबर दिला आणि हद्दीच्या खुणा जमिनीत रोवल्या. शेताबद्दल दोनच गोष्टी टिकवायच्या ठरल्या. पहिली क्षेत्रफळ, ३३ फुटी साखळीने मोजलेले: १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. दुसरी प्रत. प्रतदार शेताचा आराखडा काढून त्याचे भाग पाडी, प्रत्येक भागात माती किती खोल, काळी की तांबूस की बरड, हे बघे आणि चुनखडी, वाळू, उतार, पाण्याची झीज यांसारख्या दोषांसाठी ठरलेल्या खुणा करी. प्रत्येक दोषाने भाग एक पायरी खाली उतरे. या साऱ्यातून शेवटी नऊ प्रतींपैकी एका प्रतीची किंमत निघे: १६, १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि २ आणे. नऊ पर्याय साठवायला संगणकाला ४ बिट पुरतात, अर्धा बाइट. मातीचे सगळे ज्ञान इतक्या लहान जागेत बसवणारी आणि तरीही शेतात कुदळ मारून कोणालाही तपासता येणारी अशी नोंद इथल्या दप्तरात त्याआधी नव्हती.

आणि दर? दर शेताच्या नोंदीत ठेवलाच नाही, ही या पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट. हवामान, पाऊस, बाजाराचे अंतर बघून गावांचे गट केले आणि प्रत्येक गटाला १६ आणे जमिनीचा एक कमाल दर दिला. समजा गटाचा दर एकरी १ रुपया आहे, शेत १० एकर आणि प्रत १२ आणे. आकार साडेसात रुपये. ३० वर्षांनी मुदत संपली, भाव बदलले, रस्ते झाले, तर गटाचा एक आकडा बदलायचा आणि हजारो शेतांचा आकार त्रैराशिकाने नवा काढायचा. जे सर्वांना सारखे आहे ते एकदाच लिहावे आणि बाकीच्यांनी त्याचा हवाला द्यावा, हा मोठ्या याद्यांचा पहिला नियम. पायथनच्या बहुतेक आवृत्त्याही -५ ते २५६ हे नेहमी लागणारे आकडे स्मृतीत एकदाच करून ठेवतात आणि जिथे लागतील तिथे त्यांचा पत्ता देतात. गुंठ्यांत क्षेत्र लिहिले तर ६ एकर १६ गुंठ्यांपर्यंतच्या कोणत्याही शेताला तिथे नव्या आकड्याची जागा लागत नाही.

विंगेटच्या यादीची स्तुती करताना तिने काय गाळले हे विसरून चालणार नाही. तिला माणसांत फारसा रस नव्हता. प्रत्येक नंबरापुढे एक खातेदार, जो सारा भरील तो. त्याचे पोटहिस्सेदार भाऊ, त्याची जमीन कसणारे कूळ, त्या जमिनीवर सावकाराचे असलेले गहाण यांना यादीत घर नव्हते. जमीन मात्र आता मोजलेली, नंबर असलेली आणि विकता-गहाण ठेवता येणारी वस्तू झाली होती. हे गहाणाचे व्यवहार सावकाराच्या घरातल्या दस्तऐवजांत आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांत साठत गेले, शेतकऱ्याला वाचता येत नव्हते तिथे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला आणि लवकरच तो नगर जिल्ह्यात, विशेषतः पारनेर आणि श्रीगोंदा भागात पसरला. दंगेखोरांचे लक्ष सावकाराच्या घरातल्या कागदांवर होते. खते, गहाणखते, हुकूमनामे हिसकावून जाळणे हा त्यांच्या कृतीचा गाभा. सरकारी यादीने जे नोंदवायचे नाकारले ते दुसऱ्या कोणाच्या एकतर्फी यादीत जमले, आणि ती यादी जाळण्यावाचून शेतकऱ्याला मार्ग दिसला नाही. काही जण म्हणतील की दंग्यांची मुळे कर्ज, भावातली घसरण आणि वाढीव फेरआकारणी यांत होती. ती होतीच. पण कर्ज किती, फेड किती, जमीन कोणाची, हे तटस्थ दप्तरात लिहिलेले असते तर भांडण न्यायालयात लढवता आले असते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. कोर्टाने कर्जाचा इतिहास मुळापासून तपासावा आणि शेतकऱ्यांचे दस्त नोंदले जावेत अशी सोय त्यात होती. न लिहिलेले लिहून काढण्याची ही सक्ती होती.

पुढचा टप्पा १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्याचा, आणि त्यानंतर अँडरसन या अधिकाऱ्याने बसवलेल्या गावनमुन्यांचा. आज शेतकऱ्याच्या तोंडी असलेला सातबारा हा नमुना ७ आणि नमुना १२ यांचा जोड: सातात हक्क, बारात पीक. पण या रचनेचे मर्म नमुना ६ मध्ये आहे, फेरफाराच्या वहीत. वारस लागला, खरेदी झाली, बोजा चढला की फेरफाराला पुढचा क्रमांक मिळतो आणि जुनी ओळ खोडली जात नाही. सातबाऱ्यावर फक्त निकाल आणि त्याशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. कारण जाणून घ्यायचे तर त्या क्रमांकावर जायचे. विंगेटने जी माणसे गाळली होती त्यांना यादीत आणले, तरी प्रत्येक सातबाऱ्याला आपला सगळा इतिहास वाहावा लागला नाही. हीच नोंद नमुना ८अ मध्ये खातेदाराच्या नावाने उलटी लावलेली असते. इथे मुद्दाम जागा जास्त घेतली आहे. शेतावरून माणूस शोधायचा तर सात, माणसावरून शेते शोधायची तर आठ-अ. शोध वेगाने व्हावा म्हणून एक गोष्ट दोनदा लिहिण्याची ही किंमत वाजवी आहे, फक्त दोन्हींचा मेळ तलाठ्याने रोज सांभाळला पाहिजे.

संगणकीकरणात हा मेळच आधी ढळला. हस्तलिखित सातबारे टंकित झाले तेव्हा क्षेत्र चुकले, नावे गळली, एकाच माणसाचे नाव एका नंबराला वडिलांच्या नावासह आणि दुसऱ्याला निराळ्या शुद्धलेखनात आले. देवनागरीचे एकेक चिन्ह प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते, काना-मात्रा वेगळ्या मोजून. २० चिन्हांचे नाव ६० बाइटांचे झाले, आणि ते पाच ठिकाणी लिहिले तर ३०० बाइट. नाव एकदा लिहून पाचही ठिकाणी ८ बाइटांचा हवाला दिला तर १०० बाइट. पण बचत दुय्यम आहे. पाच ठिकाणी लिहिलेले नाव पाच तऱ्हांनी चुकते आणि संगणकाच्या लेखी ती पाच माणसे होतात. ज्याला पीककर्ज हवे त्याला हा घोळ निस्तरता निस्तरता हंगाम जातो. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले, म्हणजे संगणकातली यादी गावासमोर मोठ्याने वाचून पडताळली गेली, आणि दुरुस्त्यांनंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. यादी खरी की खोटी हे ठरवायला शेवटी पुन्हा गावच लागले.

आता शेवटचा आक्षेप. स्मृती स्वस्त झाली आहे. १०० कोटी बाइट म्हणजे साध्या मोबाइलच्या स्मृतीचाही एक भाग. मग कशाला पाचपटीची चिंता? एका यादीपुरते हे मान्य. पण संगणकातही भार केवळ जागेचा नसतो. आकडे विखुरलेले आणि पत्त्यांच्या आड असले की प्रत्येकासाठी स्मृतीत इकडेतिकडे धाव घ्यावी लागते, आणि सलग ठेवलेल्या आकड्यांची बेरीज जितक्या वेगाने होते तितकी ही होत नाही. जमिनीच्या दप्तरात कागद कधीच महाग नव्हता. महाग होते ते लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे श्रम. प्रिंगलकडे कागद भरपूर होता. तपासता येईल अशी नोंद त्याच्याकडे नव्हती. आजही एक नोंद जास्त घेतली की कोणीतरी ती भरणार, कोणीतरी पडताळणार, आणि ती चुकली तर कोणीतरी तहसीलच्या खेपा घालणार. तो खर्च स्मृतीच्या बाजारभावाने कमी होत नाही.

चारही प्रयोगांतला सर्वांत चांगला कोणता, याचे माझे उत्तर विंगेटची शेतनोंद आणि अँडरसनची फेरफार वही यांची जोडी हे आहे. पहिलीने काय गाळावे हे दाखवले, दुसरीने गाळलेले माणूस परत आणले. आता राज्यात शेतकऱ्यांना स्वतंत्र ओळख क्रमांक दिले जात आहेत आणि भूखंडांना ११ अंकी क्रमांक मिळाले आहेत. माणूस आणि जमीन या दोन्हींना प्रथमच असा पत्ता मिळतो आहे जो शुद्धलेखनाने बदलत नाही. ही व्यवस्था लिहिणाऱ्या तरुण संगणकतज्ज्ञांना एकच विनंती: नाव एकदाच लिहा, बाकी सगळीकडे हवाला द्या, फेरफाराची जुनी ओळ पुसू नका, आणि कसणाऱ्याचा रकाना, तो कितीही गैरसोयीचा वाटला तरी, काढू नका.